साठावी सरी

"बत्तीस, तेहतीस, चौतीस..."

"अगं, मी काय म्हणते, ती मोठी चाळण कुठं ठेवलीस?" थोरली जाऊ बांधावरून म्हणाली.

"शेडमध्येच आहे. अक्का, जरा थांबा. पस्तीस, छत्तीस..."

"आणि गोण्या? फाटक्या वेगळ्या काढ म्हटलं होतं."

"काढल्यात. सदतीस..." धाकटी थांबली. तिनं मागं वळून बघितलं. सदतीसावी की अडतीसावी, ते आता त्या सरीलाही सांगता आलं नसतं. "घातलात ना घोळ. आता परत पहिल्यापासून."

"परत कशाला? काल संध्याकाळी मोजल्यास, आज सकाळी मोजतेयस. सऱ्या काय रात्रीतून पिल्लं घालतात?"

"पिल्लं घालत नाहीत, हेच तर म्हणते. लावल्या तेव्हा साठ होत्या. काल छप्पन्न भरल्या."

"मग काल चुकलीस."

"मी?"

यावर बटाटे वेचणाऱ्या बायका फिसकन हसल्या. कारण धाकटीला गावात तिच्या नावानं कुणी ओळखतच नव्हतं. तिला सगळे 'मोजणी' म्हणत. विहिरीपासून घरापर्यंत पावलं किती, जिन्याला पायऱ्या किती, गोणीत बटाटे किती, तिला विचारावं. ती कुणाला चिडवायला मोजत नसे. दुसऱ्या बायका काम करताना गुणगुणतात, तशी ही मोजायची. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या आठवड्यात सासऱ्यांना म्हणाली होती, तुमच्या छपराला एकोणीस पत्रे आहेत आणि त्यातले तीन उलटे बसवलेत. सासऱ्यांनी शिडी लावून बघितलं आणि तीन उलटे निघाले. तेव्हापासून नाव पडलं ते पडलं.

दोघा भावांचं शेत एकच होतं. बांध पूर्वेकडं, तिथून आत पश्चिमेला सरळ सऱ्या. विहिरीकडून साठ सऱ्या धाकट्याच्या, पुढच्या साठ थोरल्याच्या. मध्ये भिंतबिंत काही नाही. बांधावर एक लोखंडी खुंटी ठोकलेली. खुंटीच्या अलीकडं जे पिकेल ते याचं, पलीकडं ते त्याचं. लावणी धाकटीनंच केली होती, गाठी मारलेली दोरी ताणून, दर दोन फुटांवर एक सरी. शेवटच्या सरीला बी कमी पडलं, तर थोरलीनंच तिच्याकडचं उरलेलं लाल सालीचं बी दिलं होतं. त्यामुळं साठावी सरी तेवढी लाल बटाट्याची. काढणीच्या आधी पाला कापून टाकतात, तसा टाकला होता. वरून बघणाऱ्याला सगळ्या सऱ्या सारख्याच.

"मी काय म्हणते," थोरली पुन्हा म्हणाली, "मोजून काय होणार आहे? खुंटी आहे ना जागेवर?"

"खुंटी आहे. सऱ्याच कमी आहेत."

धाकटी विहिरीपाशी परत गेली आणि एक म्हणून तिनं पुन्हा सुरुवात केली. त्रेचाळीसपर्यंत आली तेव्हा आवाज आला.

विमानं या गावावरून रोज जात. उंचावरून, कापूस पिंजल्यासारखी रेघ ओढत, आणि त्यांच्याकडं कुणी मान वर करत नसे. हे खालून आलं. आवाज गुरगुरल्यासारखा नव्हता, दळताना जात्यात खडा यावा तसा कर्कश होता. धाकटीनं वर बघितलं तेव्हा ते शेताच्या अगदी वर होतं, पोटाखालची चाकं दिसत होती, आणि नाक खाली होतं. शेतात आत कुठंतरी मातीत काहीतरी धपकन बसलं, कुणी जोरात कुदळ घालावी तसं. ते बघायला ती वळणार तोच ओढ्यापलीकडच्या गायरानात विमान पडलं.

आधी जमीन हलली. मग आवाज आला. मग काही वेळ काहीच आलं नाही.

"मोजणे," थोरली म्हणाली. तिच्या हातात चाळण नव्हती तरी ती चाळण धरल्यासारखे हात पुढं करून उभी होती. "मोजणे, ते खाली आलं गं."

"हो," धाकटी म्हणाली.

*

गायरान शेतापासून एक किलोमीटरवर. गाव पळत गेलं. कुणी घागरी घेऊन, कुणी कांबळी घेऊन, आणि बटाट्याची टोळी हातात होतं ते घेऊन, म्हणजे टोपल्या आणि गोण्या घेऊन. आगीचा बंब दोन तासांनी आला. तोवर जे करायचं ते गावानंच केलं. जिवंत सापडलेली तिघं होती. त्यांना डॉक्टरच्या गाडीतून आणि दूधवाल्याच्या टेम्पोतून पाठवलं. बाकीच्यांना उन्हात ठेवायचं कुणाच्या मनाला येईना. सावली म्हणावी अशी एकच मोठी जागा होती, ती म्हणजे दोघा भावांची बटाट्याची शेड.

थोरल्यानं आणि धाकट्यानं शेडमधले बटाटे बाहेर अंगणात ओतले. जमीन झाडून घेतली. मग ट्रॉल्या येत गेल्या, आणि गावातल्या बाया-बाप्यांनी त्या माणसांना एकेक करून आत ठेवलं, डोकी भिंतीकडं, पाय वाटेकडं, मध्ये हातभर जागा सोडून. वर गोणपाट घातलं. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. कामाला लागलेल्या माणसांना सांगावं लागत नाही.

धाकटी गोणपाट घालत होती आणि मोजत होती. मुद्दाम नव्हे. ते तिचं तिचं चालूच होतं. बेचाळीसनंतर एक बाई होती. तिच्या उजव्या पायात चप्पल होती आणि चपलेचा पट्टा नीट, दुसऱ्या भोकात, लावलेला होता. डाव्या पायात काही नव्हतं. धाकटीनं गोणपाट पायांवरून ओढून घेतलं आणि त्रेचाळीस म्हणाली. पुढच्या माणसापाशी गेली. तिथं तिला आकडा आला नाही. ती थोडा वेळ उभी राहिली. मग आकड्याशिवायच गोणपाट घालत गेली.

दुपारी आभाळ भरून आलं. वारा सुटला आणि गायरानातले कागद, कपडे, स्पंजाचे तुकडे उडत शेतात आले. बायकांनी ते सरीसरीनं वेचले, जशा त्या बटाटे वेचतात. गायरानातलंही सगळं ट्रॉलीत भरून शेडच्या अंगणात आणलं. आणलेलं नुसतं ओतून कसं ठेवायचं? मग त्यांनी ते लावलं. बॅगा एका बाजूला, मोठ्या, मध्यम, बारक्या. बुटांशेजारी बूट. चष्मे एका टोपलीत. पत्र्याचे आणि लोखंडाचे तुकडे भिंतीला टेकवून, उंचीप्रमाणं. गावानं आख्ख्या विमानाची प्रतवारी करून ठेवली, आणि त्यात कुणाची काही वाईट बुद्धी नव्हती.

धाकटी शेतातून परत येत होती तेव्हा तिच्या वाटेत एक धातूचा तुकडा आला. हातभर लांब, जाड, आतल्या बाजूनं हिरवट रंग, एका टोकाला तीन भोकं. मातीत तिरका रुतला होता. तिनं दोन्ही हातांनी धरून उपटला, तशी सरी फाटली आणि चार-पाच लाल बटाटे वर आले. बटाटे लाल आहेत हे तिनं बघितलं. डोक्यात काही आलं नाही. अंगणात पोचली तर पावसाचे थेंब पडायला लागले होते आणि ओतलेला ढीग उघडा होता. नवरा ताडपत्री ओढत होता.

"वजन दे काहीतरी, उडतेय," तो म्हणाला.

तिनं हातातला तुकडा ताडपत्रीच्या कोपऱ्यावर ठेवला. मग कडेनं दगड ठेवले.

मेलेली माणसं शेडमध्ये होती, म्हणून बटाटे बाहेर होते, आणि बटाटे बाहेर होते, म्हणून तो तुकडा तिथं गेला. नंतर तिनं स्वतःला हे पुष्कळदा सांगून बघितलं. हिशोब बरोबर होता. त्याचा उपयोग काही नव्हता.

*

तिसऱ्या दिवशी मोठ्या गाड्यांतून त्या माणसांना नेलं. गाड्या, बंब, क्रेन, सगळ्यांना गायरानाकडं जायला एकच सोपी वाट सापडली, ती दोघा भावांच्या शेतातून. आठवड्यात शेताचं अंगण झालं. सरी कुठं आणि वरंबा कुठं, ओळखू येईना. बांधावरची खुंटी तेवढी राहिली, कारण ती बांधावर होती.

चौकशीचं कार्यालय शाळेत बसलं. साहेब चष्मेवाला, सडपातळ, बोलायला मऊ. पहिल्याच दिवशी अंगणातली ती प्रतवारी बघून तो एका बॅगेवर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

"हे सगळं तुम्ही उचललंत," तो म्हणाला.

"मग पडू द्यायचं होतं?" थोरली म्हणाली. "पावसात?"

"बाई, काय सापडलं त्यापेक्षा कुठं सापडलं, ते मला हवं असतं. आधी काय तुटलं आणि नंतर काय तुटलं, ते जमीनच सांगते. आता ती काय सांगणार?"

गावप्रमुखानं यातून आपल्याला हवं तेवढंच ऐकलं. त्यानं कर्ण्यावरून पुकारा केला की, ज्यानं कुणी वस्तू हलवली असेल वा घरी ठेवली असेल, त्याला आत टाकण्यात येईल. गुराख्याला एका बुटासाठी दोन दिवस तालुक्याला बसवून ठेवलं, तेव्हापासून गावाच्या तोंडाला कुलूप लागलं. आणि रेडिओवर रोज सांगत होते, वैमानिकाची चूक दिसते.

धाकटी मोजेनाशी झाली होती. चहाचे पेले मांडताना एक कमी मांडायची. जिन्याच्या शेवटी नसलेली पायरी चढायला जायची. नवरा म्हणाला, "अगं, तुझं लक्ष कुठं आहे?" ती म्हणाली, "इथंच आहे." ते खरं होतं. लक्ष इथंच होतं, फक्त त्याला कशाचं काही वाटत नव्हतं. ती जेवत होती, झोपत होती, अंगण झाडत होती. झाडू शेडच्या दारापर्यंत गेला की तिथूनच वळवायची.

नवव्या दिवशी दुपारच्या एसटीतून एक बाई उतरली. साठीची, हातात कापडी पिशवी. शाळेच्या ओट्यावर जाऊन बसली. तासाभरानं गावाला कळलं, ही वैमानिकाची आई. चहावाला म्हणाला दूध संपलंय. किराणावालीनं दुकानाचं फळकूट अर्धं लावून घेतलं. कुणी वाईट बोललं नाही. नुसतेच सगळे लांबून गेले.

धाकटी शाळेवरून पाणी आणायला जात होती. बाईच्या पुढ्यात थांबली.

"मावशी, कुठं उतरलात?"

"इथंच," बाई म्हणाली. "साहेब म्हणाले, थांबू नका, कळवू. पण मी म्हटलं थांबते. घरी तरी काय करते?"

"चला माझ्याकडं."

"तुला माहीत आहे ना, मी कोण ते?"

"हो. घागर धरा जरा, मी फाटकाची कडी लावते."

दोघी घरी आल्या तेव्हा नवऱ्यानं धाकटीकडं नुसतं बघितलं. संध्याकाळी थोरली चाळण मागायच्या निमित्तानं आली आणि दारातूनच बघून गेली.

बाई शिवणकाम करणारी होती. बोटांची टोकं सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोपऱ्यातल्या फाटक्या गोण्यांकडं बघत बसली. मग म्हणाली, "दाभण आहे का गं? आणि सुतळी?"

"राहू द्या हो मावशी. पाहुण्या तुम्ही."

"पाहुणी कसली. हात मोकळे राहिले की दिवस जात नाही. दे इकडं."

ती गोण्या शिवत बसली. टाके असे सारखे, की मशीननं घातल्यासारखे. धाकटी समोर बटाटे निवडत होती.

"साहेब काय म्हणाले?" धाकटीनं विचारलं.

"ते म्हणतात, शेपटीला एक पंख असतो, बारका, खालीवर होणारा. नाक वर करायचं असेल तर तो वळवायचा. त्याची एक बिजागरी सापडत नाहीये." तिनं सुतळी दातानं तोडली. "हातभर लांब. आतून हिरवट रंग. तीन भोकं आहेत म्हणे एका टोकाला. ती जर वरच तुटली असेल, तर यानं कितीही ओढलं तरी नाक वर येणार नव्हतं. आणि पडल्यावर तुटली असेल, तर मग याचंच चुकलं."

धाकटीच्या हातात एक बटाटा होता. तिनं तो ठेवला. कुठल्या ढिगात ठेवला, ते तिला कळलं नाही.

"लहानपणी माझी कात्री घ्यायचा," बाई म्हणाली. "पण घेतली तर परत खिळ्याला अडकवायचा. कध्धी इकडंतिकडं टाकली नाही. एवढंच मला ठाऊक आहे त्याच्याबद्दल. विमानातलं मला काय कळतंय?"

*

"विहिरीत टाक," नवरा म्हणाला. ते दोघं अंगणात, ताडपत्रीच्या कोपऱ्यापाशी उभे होते. तुकडा तिथंच होता, दगडांमध्ये दगडासारखा. "कुणी बघितलेलं नाही. गुराख्याचं काय झालं, बघितलंस ना? आणि तू तर दहा दिवस ठेवून घेतलंयस."

"ठेवून घेतलं नाही हो. ठेवलं."

"ते त्यांना सांग. पटेल त्यांना."

"त्या मावशींना काय सांगू?"

नवरा वाईट माणूस नव्हता. त्यानं कोपऱ्यावर दुसरा दगड ठेवला, म्हणजे हा उचलला तरी ताडपत्री उडू नये.

धाकटीनं बाईनं शिवलेली एक गोणी घेतली, त्यात तुकडा घातला आणि शाळेत गेली. साहेबाच्या टेबलावर ठेवला. साहेबानं हातमोजे घातले, भोकं मोजली, मग चष्मा काढून डोळे चोळले.

"कुठं होता?"

"ताडपत्रीवर. मीच ठेवला होता. आत टाकायचं असेल तर टाका."

"मी कुणाला आत टाकत नसतो, बाई. त्याआधी कुठं होता?"

"शेतात. माझ्या साठाव्या सरीत. बांधापासून आत शंभर-एक पावलांवर असेल."

"विमान पडलं तिथून एक किलोमीटर अलीकडं," साहेब हळू म्हणाला. "नक्की? गायरानातून कुणी आणून टाकला नसेल? तुमच्या गावानं तर सगळंच इकडून तिकडं नेलंय."

"मातीत रुतला होता. आणि धप्प आवाज आधी आला, मग विमान पडलं."

"मी विश्वास ठेवतो. पण ऐकलेलं कागदावर टिकत नाही. एवढी जड वस्तू उंचावरून आली असेल तर खाली माती दबलेली असेल, खोल खाच असेल. एखादा बोल्ट सापडेल, रंगाचा पापुद्रा सापडेल. मला ती खाच दाखवा."

"शेत सगळं तुडवलंय, साहेब. पण साठावी सरी म्हणजे मधल्या खुंटीच्या अलीकडची पहिली. तिथं लाल बटाटे आहेत. बाकी सगळे पांढरे."

*

दुपारी अख्खं गाव बांधावर जमलं. साहेबाची दोन माणसं फीत घेऊन आली. खुंटीपासून सरळ आत दोरी लावली, आणि ऐंशी पावलांपासून एकशेवीस पावलांपर्यंत दोन फूट रुंद पट्टा हलक्या हातानं खणायला घेतला. वैमानिकाची आई बांधावर बसली होती. तिच्या मांडीवर अर्धी शिवलेली गोणी होती आणि दाभण गोणीत तसंच खोचलेलं होतं.

बटाटे निघायला लागले. पहिला पांढरा. दुसरा पांढरा. माती भुसभुशीत, कुठं खाच नाही, काही नाही. पट्टा संपला.

"सगळे पांढरेच आहेत," साहेब म्हणाला.

"साठावी लाल आहे," धाकटी म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

"मोजणीची मोजणी चुकली," मागून कुणीतरी बोललं, आणि कुणीतरी हसलं. नेहमी हसायचे तसंच.

"बाई, तुम्ही त्या दिवशी कुठल्या अवस्थेत होता, मला कळतं," साहेब म्हणाला. "माणूस गोंधळतो. जागा दुसरीही असू शकते. पण सगळं शेत खणायला माझ्याकडं माणसं नाहीत. उद्या क्रेन निघाली की आम्हीही निघू."

छप्पन्न हा आकडा धाकटीच्या डोक्यात एकदा येऊन गेला. पण त्या दिवसापासून तिला आपल्या आकड्यांचा भरवसा उरला नव्हता. चहाचे पेलेसुद्धा चुकत होते. आणि चारचौघांत थोरल्या जावेकडं बोट कसं दाखवायचं? तिनं मान खाली घातली. साहेबानं पेनाचं टोपण लावलं.

वैमानिकाच्या आईनं गोणीतलं दाभण काढलं आणि पुढचा टाका घातला. मग त्याच्या पुढचा. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. फक्त थोरली बघत होती.

"ती चुकलेली नाही," थोरली म्हणाली.

सगळे वळले. थोरली बांधावरून खाली उतरली होती. चेहरा असा, की कुणाशी तरी भांडायला निघालीय आणि भांडायला कुणी सापडत नाहीये.

"काय म्हणालात?" साहेबानं विचारलं.

"म्हटलं, ती मोजायला चुकत नाही. आमच्या घरात आल्यापासून एकदा चुकली नाही ती. खुंटी चुकीची आहे."

"अगं, काय बोलतेस?" थोरला दीर म्हणाला.

"खरं तेच बोलते. विमान पडायच्या दोन दिवस आधी मी खुंटी उपटली आणि चार सऱ्या अलीकडं ठोकली. तिच्या बाजूला. यंदा आमच्या कडेच्या सऱ्यांना पाणी लागलं होतं, बटाटा सडला होता. म्हटलं, चार सऱ्यांनी काय होतंय. आणि ही बया मोजत सुटली. म्हणून मध्ये मध्ये बोलत होते. चाळण कुठं, गोण्या कुठं." तिनं श्वास घेतला. "चाळण माझ्याच घरी होती."

कुणी हसलं नाही. थोरल्या दिरानं टोपी काढली आणि तिच्यातलीच धूळ झटकत राहिला. एवढी धूळ त्या टोपीत नव्हती.

"म्हणजे साठावी सरी...?" साहेब म्हणाला.

"खुंटीच्या पलीकडं चौथी. लाल बी मीच दिलं होतं तिला. मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल?"

फीत सरकवली. आठ फूट. माणसं पुन्हा खणायला लागली. या वेळी फावड्याचा आवाज बांधापर्यंत येत होता. पहिला बटाटा निघाला. माणसानं तो हातात घेऊन पुसला आणि वर धरला.

लाल होता.

एकशेचार पावलांवर वरची तुडवलेली माती काढल्यावर खाली खाच दिसली, तिरकी, कोपरभर खोल, कडा दाबून विटेसारख्या घट्ट झालेल्या. कडेला हिरवट रंगाचा नखाएवढा पापुद्रा. आणि तळाशी मधोमध मोडलेला एक बोल्ट. साहेब पोटावर झोपून बघत होता. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला माती लागली होती. त्यानं फोटो काढले, फीत लावून खोली मोजली, बोल्ट चिमट्यानं उचलून पारदर्शक पिशवीत टाकला आणि पिशवीवर क्रमांक लिहिला. मग उठून बांधापाशी गेला.

"वरच तुटली होती," तो वैमानिकाच्या आईला म्हणाला. "तुमच्या मुलाच्या हातात काही नव्हतं."

बाईनं मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाली, "मग रेडिओवर आता तसं सांगतील का?"

साहेबानं चष्मा पुसला. "अहवालाला वर्ष तरी लागेल. तोवर रेडिओवाले जे सांगतायत तेच सांगतील. मी लिहीन. पण लगेच नाही."

"वर्ष," बाई म्हणाली. "बरं."

ती रडली नाही. तिथं रडलं कुणीच नाही. गाव हळूहळू पांगलं. जाताना किराणावाली बाईपाशी थांबली. तिनं आपल्या कनवटीचा रुमाल काढून बाईच्या हातात दिला. तो कशासाठी दिला ते तिलाही कळलं नसेल. मग निघून गेली.

साहेबाची माणसं खाच प्लॅस्टरनं भरत होती, तिचा ठसा न्यायचा होता. बाजूला उकरलेले लाल बटाटे पडले होते. वैमानिकाची आई बांधावरून उतरली, गोणी घेऊन गुडघ्यावर बसली आणि बटाटे गोळा करायला लागली. एकेकाची माती अंगठ्यानं पुसून.

"राहू द्या मावशी," धाकटी म्हणाली.

"वाया जातील गं."

धाकटी तिच्या शेजारी बसली. काही वेळानं थोरलीही येऊन बसली, पण जरा लांब. तिघी वेचत होत्या. शेवटी थोरली उठली, बांधावर गेली, आणि खुंटी दोन्ही हातांनी हलवायला लागली. घट्ट बसली होती. तिनं ती दगडानं ठोकून सैल केली, उपटली, आणि खांद्यावर घेऊन उभी राहिली.

"कुठं ठोकू?" ती म्हणाली.

"चौथ्या सरीपाशी. साहेबाची दोरी आहे तिथं, थोडी पुढं."

"दोरीवर माझा विश्वास नाही. तू मोज."

"अक्का, मला येत नाही आता. मध्येच अडकतं."

"कुठं अडकतं?"

"त्रेचाळीसला."

गोणपाट घालताना दुसऱ्या टोकाला थोरलीच होती. त्रेचाळीसाव्याला काय होतं, ते तिला विचारायची गरज नव्हती.

"विहिरीपासून मोज," ती म्हणाली. "मी मध्ये बोलणार नाही."

धाकटी विहिरीपाशी गेली. सऱ्या आता दिसत नव्हत्या. पण दोन फुटांचं तिचं पाऊल ठरलेलं होतं, गाठींच्या दोरीनं बसलेलं. एक, दोन, तीन. ऊन कलायला लागलं होतं. वीस. एकवीस. ट्रकच्या चाकांनी पडलेल्या खड्ड्यात पाय मुरगळला तरी ती थांबली नाही. बेचाळीस.

तिथं ती उभी राहिली. बांधावर थोरली खुंटी खांद्यावर घेऊन उभी होती. कधी नव्हे ती तोंड मिटून. समोर शेतात वैमानिकाची आई वाकलेली दिसत होती, एक बटाटा, मग दुसरा.

"त्रेचाळीस," धाकटी म्हणाली. आवाज बांधापर्यंत पोचला नसेल. मग चव्वेचाळीस म्हणाली आणि पाऊल टाकलं.

साठला ती थांबली तेव्हा पायापाशी उकरलेली माती होती आणि मातीत सुटलेला एक लाल बटाटा. तिनं तो उचलून बाईच्या गोणीत टाकला.

बांधावर थोरलीनं खुंटी ठोकायला घेतली. दगडाचे घाव सावकाश पडत होते. धाकटीनं ते मोजले. अकरा होते.